माणकाला चव नसते

बोबोंनी घड्यातून खडा काढला तेव्हा माणकांच्या छत्री बाजारातले तीनशे लोक एकदम गप्प झाले. ब्रह्मदेशातल्या मोगोकमध्ये तीनशे लोक एकदम गप्प होणं हाच खरा तर त्या दिवसाचा पहिला चमत्कार. आमच्याकडे लोक झोपेतही भाव करतात.

सकाळी को म्यो लिन दलालाने तो खडा बोबोंच्या हाती दिला होता, तेव्हा सगळ्यांनी पाहिला होता. फिका गुलाबी, चार पावसाळे धुतलेल्या लुंगीच्या रंगाचा. आता तोच खडा चिमट्यात लालभडक दिसत होता. मागे एका बाईने हात जोडले. पुढच्या दलालांनी हात जोडले नाहीत, कारण त्यांचे हात खिशात पैसे मोजत होते.

"फळ झाडावर पिकतं," बोबो म्हणाले. "भात शेतात पिकतो. माणूस विहारात पिकतो. माणिक कुठे पिकतं? डोंगराच्या पोटात. पण तुम्ही लोक घाईचे. डोंगर फोडता, कच्चंच काढता, आणि मग भाव मिळत नाही म्हणून रडता. उरलेली आठशे वर्षं मी त्याला आठ घटकांत देतो."

बोबो म्हणजे आजोबा. या आजोबांचं वय पंचेचाळीसच्या आसपास असावं, पण पांढरी वस्त्रं, पांढरी दाढी आणि कमंडलूत पाऱ्याची गोळी असली की वय कोण विचारतो. थंडी सुरू झाली तसे ते आले आणि बाजाराच्या टोकाला त्यांनी मांडव घातला. मांडवात एक शेगडी, एक वाळूची कढई आणि एक झाकलेला मातीचा घडा. वाळूत खडा तापवायचा, मंत्र म्हणत तापता तापताच घड्यात सोडायचा, निवू द्यायचा, बाहेर काढून पुसायचा. घड्यात काय आहे ते विचारायचं नाही. तीन खड्यांमागे एक गुरूंचा. एकच खडा असेल तर कानातलं चालेल. खडा तापून फुटला तर ते मागच्या जन्मीचं पाप, आणि तुकडे शांतीसाठी गुरूंकडे राहणार.

आणि पान. पानाशिवाय खडा हाती मिळत नसे.

"खडा आणि तोंड एकदम लाल झालं पाहिजे," बोबो मंतरलेला विडा पुढे करत. विड्यात बडीशेप आणि खोबऱ्याचा कीस सढळ हाताने घातलेला असे. "पांढऱ्या तोंडाला पिकलेलं माणिक दाखवाल तर ते लाजेल. लाजलं की परत कच्चं होईल. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

लोकांना यात काही वावगं वाटलं नाही. मोगोकमध्ये पान खायला मंत्र लागत नाही. फुकटचं असलं म्हणजे पुरतं.

मी बा न्युन. छत्री बाजाराला लागून माझं दुकान आहे. तीस वर्षं माणकांना पैलू पाडतो. माणिक पारखायची आमची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. विकणारा खडा पितळी ताटलीवर ठेवतो, कारण पितळेवर फिका खडाही तजेलदार दिसतो. घेणारा तो पहिल्यांदा ताटलीवरून उचलतो आणि मनगटावर ठेवून उन्हात धरतो. आधी रंग. मग आत तडे किती ते. मग वजन. आत रेशमाच्या धाग्यांसारखं थोडं धुकं असलं तर बरंच, ती डोंगराची खूण असते. सगळ्यात मोठा भाव कबुतराच्या रक्ताच्या रंगाला. मी आजवर एकाही दलालाला कबुतर मारून रंग ताडून पाहताना बघितलेलं नाही, पण छातीवर हात ठेवून सांगतात सगळे.

आणि शेवटी खडा चाटायचा. न घासलेल्या खड्याची कातडी खरबरीत असते, ओली केली की आतलं दिसतं. म्हणून मोगोकमध्ये दोन माणसं खड्यावरून भांडत असतील तर समजावं की तो दोघांच्याही तोंडातून जाऊन आलेला आहे.

महिन्याभरात बाजारात बोबोंच्या माणकांचा सुळसुळाट झाला. एक गोष्ट मात्र कुणाच्या डोळ्यावर आली नाही. पिकलेलं माणिक कुणीच घरात ठेवत नव्हतं. सकाळी घेतलेलं संध्याकाळी विकत होते.

मला त्या दिवसाच्या दोन आठवडे आधीच काहीतरी कळलं होतं. म्हणजे कळायला हवं होतं. ऊ चित फो या बड्या व्यापाऱ्याने एक पिकलेला खडा पैलू पाडायला दिला होता. साणेवर, म्हणजे घासायच्या चाकावर धरला, घासून गरम झाला, आणि साणेवर लाल ओशट डाग पडला. खडा माझ्या बोटांत फिका होत गेला. आत जाळीसारखे तडे दिसू लागले. आमच्या धंद्यात खडा कारागिराच्या हातात बिघडला तर भरपाई कारागिराची. मी तो कागदात गुंडाळला आणि ऊ चित फोंच्या हाती दिला. त्यांनी कागद उघडला नाही, मी उघडा म्हटलं नाही. पुढे त्यांनी तक्रार केली नाही आणि मी विचारलं नाही. साप त्याच्या बिळात आणि मी माझ्या.

म्यो लिनचा खडा लाल झाला त्याच दिवशी दुपारी दॉ सॉ यिन मावशी माझ्याकडे आल्या.

मावशी कनासे. आमच्याकडे खाणीतून धुवून टाकलेल्या खडीत हात घालायचा हक्क फक्त बायकांचा आहे. त्यांना कनासे म्हणतात. खाणमालक कितीही खाष्ट असो, ओढ्यात उभ्या राहून बाईला जे सापडेल ते तिचं. मावशी पन्नास वर्षं त्या ओढ्यात उभ्या आहेत. दोन्ही हात चाळणीत गुंतलेले, म्हणून सापडलेला खडा जातो गालात. त्यामुळे मावशींनी जन्मात पान खाल्लं नाही. त्या म्हणत, "तोंडात एक तर पान राहील, नाहीतर पोटाची सोय. दोन्ही कसं राहील?"

आता त्यांच्या डाव्या डोळ्यात पूर्ण पांढरा मोतीबिंदू होता आणि उजवा निम्मा झाकला होता. मंडालेच्या डॉक्टरने सांगितलं होतं की पावसाळ्याच्या आत या, नाहीतर मी काही करू शकणार नाही. जायला, राहायला आणि दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनला पैसे हवे होते. त्या वर्षी ओढ्याने त्यांना एक खडा दिला होता. एकच.

त्यांनी तो गालातून काढून माझ्या तळहातावर ठेवला. "सांग."

मी उन्हात नेला. अडीच कॅरटच्या पुढे. रंग लालच, पण गुलाबीकडे झुकलेला. आत मात्र एकही तडा नव्हता. वर्षात असे दोन खडे माझ्या हातात आले तर मी स्वतःला भाग्यवान समजतो.

"मंडालेला जाऊन दोन्ही डोळे करून याल," मी म्हटलं. "वर वर्षभराचे तांदूळ सुटतील."

"आणि पिकवला तर?"

"कोण म्हणतं पिकवा?"

"म्यो लिन." तो दलाल त्यांचा भाचा. "तो म्हणतो, आत्या, डोळ्यांचं काय घेऊन बसलीस, पक्कं घर होईल. पोरगा वाईट नाही रे. उद्याचा नंबरही लावून आलाय."

"मावशी, आहे तसा विका."

"का?"

हा स्वच्छ खडा तापवून गार घड्यात टाकला तर तडकणार, एवढं मला पक्कं माहीत होतं. पण ते सांगायचं तर साणेवरचा डाग सांगावा लागला असता. मग ऊ चित फोंनी भरपाई मागितली असती.

"आगीत खडे फुटतात कधी कधी," मी म्हटलं.

"माझे मागचे जन्म बरे असावेत," मावशी म्हणाल्या. "या जन्मात काही करायला सवडच मिळाली नाही." आणि त्या खडा गालात घालून निघून गेल्या. मला माझीच लाज वाटली, पण लाजेने कुणाचा खडा वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला होता. थंडी अशी की मा न्वेच्या चहाच्या दुकानात लोक पेला प्यायला नव्हे, धरायला घेत होते. म्यो लिनने आत्याला हात धरून पुढे आणलं. मावशींनी कानातली काढून दिली. बोबोंनी खडा चिमट्यात धरला आणि वाळूवर आणला. मी गर्दीत उभा होतो.

"आधी पान घे, आई," बोबो म्हणाले.

"पान मी खात नाही."

"मंतरलेलं आहे."

"असेल. माझं तोंड कामाचं आहे."

लोक हसले. बोबोंनाही हसावं लागलं. "मग तुझा खडा कच्चा राहील."

"तुम्ही म्हणता तर राहील. पण पिकलेला असतो कसा ते तरी कळू दे. मला दिसत नाही बाबा, हातात द्या कुणीतरी."

म्यो लिनने मोठ्या ऐटीत आपला कालचा खडा त्यांच्या तळहातावर ठेवला. मावशींनी तो दोन बोटांत फिरवला, नखाने टोकरला, आणि कुणी काही म्हणायच्या आत गालात घातला.

"आई, काढ तो तोंडातून," बोबो म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच त्यांच्या वयाचा वाटला.

"थांबा जरा. माझी जीभ म्हातारी आहे, तिला वेळ लागतो."

बोबोंनी जोरात मंत्र सुरू केला. मावशी शेगडीजवळ बसून हात शेकत राहिल्या. मंत्र एकदा संपला, पुन्हा सुरू झाला. कुणीतरी विचारलं, "काय मावशी, गोड आहे का?"

"खोबरं," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"खोबऱ्याची चव लागते आहे."

"पानात खोबरं असतं," बोबो घाईने म्हणाले.

"पान मी खाल्लं नाही."

मावशी आपल्या नेहमीच्या बारीक आवाजात सांगू लागल्या, "पन्नास वर्षं मी या ओढ्याची माणकं तोंडात धरते आहे. चिखलाची चव लागते, शेवाळाची लागते, एकदा खड्यामागून बेडकाचं पिल्लू आलं त्याचीही लागली. माणकाला चव नसते."

मा न्वेची पांढरी चिनी मातीची बशी शेजारी होती. मावशी तीत थुंकल्या. थुंकी लाल होती.

मोगोकमध्ये लाल थुंकीचं कुणाला काय वाटणार? आमचे रस्ते, भिंती, विहाराच्या पायऱ्यांची बाजू, सगळं लालच आहे. पण दॉ सॉ यिनची थुंकी लाल झालेली कुणी जन्मात पाहिली नव्हती. बशीच्या मधोमध म्यो लिनचा खडा पडला होता, काल सकाळी होता तितकाच फिका. आत तड्यांचं जाळं.

बोबो डगमगले नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. "मी सांगितलं नव्हतं?" ते गर्दीकडे वळले. "पांढरं तोंड. खडा लाजला. या बाईने भाच्याचा खडा बुडवला."

आणि खरं सांगतो, निम्म्या माना हलल्या. म्यो लिन आत्याकडे पाहू लागला. मावशी नुसत्या बसून होत्या, कोण कुठे पाहतंय ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांचा खडा अजून चिमट्यात, वाळूपासून वीतभर वर होता.

तेव्हा मी पुढे झालो. फार धाडसाने नाही.

"मा न्वे, थर्मास आण. कडकडीत साधा चहा, आणि पेले," मी म्हटलं. "बोबो, चहाला तोंड नसतं. तो पान खात नाही आणि त्याच्यापुढे कुणी लाजत नाही. ज्यांच्याकडे पिकलेली माणकं आहेत त्यांनी एकेका पेल्यात टाकावीत. टिकली तर मी आजपासून पांढरे कपडे घालून तुमची शेगडी फुंकतो."

एकही हात खिशातून बाहेर आला नाही. तेव्हा मला त्या घड्यापेक्षा मोठी गोष्ट उमजली. यातल्या बऱ्याच जणांना आधीच माहीत होतं.

"बरं, मीच सांगतो," मी म्हटलं. "दोन आठवड्यांपूर्वी ऊ चित फोंचा खडा माझ्या साणेवर फिका पडला. साण लाल झाली. भरपाई द्यावी लागेल म्हणून मी बोललो नाही. ऊ चित फो, तो खडा कुठे आहे?"

"विकला," ऊ चित फो म्हणाले.

"फिका झालेला पाहिला नाहीत?"

"पाहिला ना. बोबोंकडे नेला. म्हणाले, सर्दी झाली आहे त्याला. घड्यात बुडवून परत लाल करून दिला, पैसेही घेतले नाहीत. कुणाला सांगू नका म्हणाले."

"आणि मग?"

"मग तासाभरात विकला. सर्दीचा खडा घरात कोण ठेवतो?"

"कुणाला विकला?"

ऊ चित फोंनी मागे उभ्या असलेल्या एका व्यापाऱ्याकडे पाहिलं. त्या व्यापाऱ्याने शेजारच्याकडे पाहिलं. "मला दुसऱ्या दिवशी शंका आली होती," तो म्हणाला, "म्हणून दुसऱ्याच दिवशी काढून टाकला." शेजारचा म्हणाला, "मी तर तुझ्यावर विश्वास ठेवून घेतला." "मग ठेवलास का?" "नाही, विकला." असं करत करत तो खडा सहा हातांतून फिरून ऊ चित फोंच्याच मेव्हण्याच्या कमरेच्या पिशवीत सापडला. मेव्हण्याने तो काढला आणि काही न बोलता पेल्यात टाकला.

मग एकेक हात बाहेर आला. सात पेले भरले. घटकाभरात सातही पेल्यांच्या वर लाल तेलाचा तवंग आला. तळाशी सात फिके, तडकलेले खडे. मा न्वे म्हणाली, "या पेल्यांचे पैसे कोण देणार?"

मी घड्याचं झाकण काढलं. आत खोबरेल तेल, कापडाच्या लाल रंगात कालवलेलं. शेगडीच्या बाजूला पातळ, दुसऱ्या बाजूला थिजलेलं. यात मंत्र कुठेच नव्हता. खडा तापवून एकदम गार तेलात सोडला की त्याला केसासारखे तडे जातात. तड्यांत लाल तेल शिरतं. बाहेरून पुसलं तरी आतलं थंडीने थिजून बसतं आणि खडा लाल दिसतो. चाटलं की जिभेच्या उबेने थोडं सुटतं, पण पान खाणाऱ्याच्या तोंडात लाल काय आणि खोबरं काय, कुणाला कळणार? म्हणून विडा सक्तीचा. खोबरेल थंडीत थिजतं हे मोगोकच्या प्रत्येक घरात माहीत आहे. रोज सकाळी आम्ही बाटली उन्हात ठेवतो. पण बोबो उन्हाळ्यात का आले नाहीत, हे कुणी विचारलं नव्हतं.

"जिथे श्रद्धा नाही तिथे मी राहत नाही," बोबो पाऱ्याची गोळी कमंडलूत टाकत म्हणाले.

वॉर्डाच्या मुखियाने त्यांची नीट समजूत घातली. आजची रात्र तरी राहावं लागेल, खोली बरी आहे, फक्त कडी बाहेरून असते. दक्षिणा म्हणून घेतलेल्या खड्यांची थैली मुखियाने ताब्यात घेतली. त्यातले सगळे खडे न पिकवलेले होते. ते परत वाटायला तीन दिवस लागले, कारण थैलीत होते त्याच्या दुप्पट लोकांनी आपले म्हणून सांगितले.

मावशी उठल्या नव्हत्या. त्यांनी तळहात पुढे केला. "माझा द्या."

बोबोंनी चिमटा उघडला. मावशींनी खडा जिभेवर घेऊन क्षणभर पाहिला, आणि गालात ठेवला. "आहे," त्या म्हणाल्या.

तो खडा चौथ्या दिवशी भर दुपारी विकला गेला, पितळी ताटलीवर नाही, पांढऱ्या कागदावर. भाव म्यो लिनने केला आणि दलाली घेतली नाही. त्याच्या ओळखीचे लोक याला दुसरा चमत्कार म्हणतात. ऊ चित फोंच्या खड्याची भरपाई मी दिली. ते अजूनही म्हणतात की चहात काहीतरी होतं.

मावशींचा उजवा डोळा लगेच झाला आणि डावा महिन्याने. परत आल्या तेव्हा दुकानासमोर उभ्या राहून त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं.

"तू त्या दिवशी सांगितलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर मी मांडवात गेलेच नसते."

"हो," मी म्हटलं.

म्हणून वाचकहो, ही गोष्ट सांगतो आहे. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो ताटलीवरून उचला. उन्हात न्या. ज्याला त्यातून काही मिळायचं नाही अशा माणसाच्या हातात द्या. झाकलेल्या घड्याचं झाकण काढायला सांगा, आणि कुणी काढू देत नसेल तर तिथेच तुमचं उत्तर मिळालं असं समजा. एवढं आम्ही तांदळाच्या दोन दाण्यांएवढ्या खड्यासाठी रोज करतो, डोळ्यांसाठी, पोरांसाठी, औषधासाठी करायला हरकत नाही. आणि फसलात तर त्याच दिवशी चारचौघांत सांगा. फसण्यात लाज असेल तर ती एका माणसाची. लपवलंत तर पुढच्याच्या घरात नुकसान जातं. एका खड्याची भरपाई वाचवायला मी दोन आठवडे गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची किंमत एका बाईचे दोन डोळे ठरली असती, आणि ती मी भरणार नव्हतो.